शांतता कोणी मोडली?

(नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांच्या सभेत एका वकील बंधूंनी केलेले भाषण. कलमांचे आकडे वाचकांच्या सोयीसाठी मागाहून घातले आहेत.)



आपणांपैकी पुष्कळांनी अगदी अलीकडे तथागतांच्या धम्माची दीक्षा घेतली आहे. आपण त्रिशरण आणि पंचशील ग्रहण केले, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या आणि नवे मन घेऊन आपापल्या गावी परतलात. परंतु गाव होते तेथेच होते. वेस तीच, पाणवठा तोच आणि चावडीच्या ओट्यावर बसणारी माणसेही तीच. आपण बदललात; गावाने बदलण्याचे अद्याप मनावर घेतलेले नाही. ह्या दोहोंच्या घर्षणातून जी ठिणगी उडते, तिची नोंद पोलीस ठाण्याच्या दप्तरात 'शांतताभंग' ह्या नावाने होते. म्हणून ह्या शब्दाचा कायद्यातील अर्थ काय, हे मी आज आपणांस सांगणार आहे.

'गावाची शांतता बिघडवू नका', हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. मेलेले जनावर ओढण्यास नकार दिला की हे वाक्य कानी पडते. जयंतीची मिरवणूक मुख्य रस्त्याने नेतो म्हटले की हेच वाक्य कानी पडते. विहारासाठी जागा मागितली तरी हेच. जणू आपण मान खाली घालून होतो तेव्हा गावात शांतता नांदत होती आणि मान वर केली त्या दिवशी ती मोडली! ज्याला हे लोक शांतता म्हणतात ती वास्तविक आपल्या पूर्वजांची मुकी सोसणूक होती. कायदा तिला शांतता मानतो काय? माझे उत्तर स्पष्ट आहे. कायदा तिला शांतता मानीत नाही. परंतु ह्या उत्तराला दुसरी बाजूही आहे. तोच कायदा आपणांवरही काही बंधने घालतो आणि ती बंधने ठाऊक नसल्यामुळे आपली खरी बाजूही न्यायालयात हरते. दोन्ही बाजू सांगितल्या नाहीत, तर मी आपला वकील नव्हे, केवळ भाट ठरेन.

प्रथम धम्माकडे पाहू. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण दिले आहे, ते आपण जाणता. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय ह्यांच्या माणसांत मारामारी झाली. दोन्हीकडचे लोक जखमी झाले. शाक्यांच्या सेनापतीने संघापुढे युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने त्याला विरोध केला. परंतु विरोध करताना त्याने 'पाणी सोडून द्या आणि गप्प बसा' असे म्हटले नाही. आगळीक कोणी केली ह्याची आधी चौकशी करा, दोन्ही बाजूंची माणसे नेमून निर्णय करा, असे त्याचे म्हणणे होते. ठराव त्याच्या विरुद्ध गेला. कुटुंबावर सामाजिक बहिष्कार आणि जमिनीची जप्ती अशी धमकी त्याला मिळाली, तेव्हा त्याने परिव्रज्या पत्करली. परंतु हाती शस्त्र घेतले नाही आणि आपले म्हणणेही मागे घेतले नाही. पाण्याचा तंटा, बहुमताची दांडगाई आणि बहिष्काराची धमकी ह्यांतले आपल्या गावाला अपरिचित असे काय आहे? हाणामारी आणि शरणागती ह्या दोहोंवाचून तिसरा मार्ग आहे आणि तो चौकशीचा, पुराव्याचा, निर्णयाचा मार्ग आहे. आजच्या काळात त्यालाच आपण कायद्याचा मार्ग म्हणतो.

आता कायदा पाहू. १८६० सालची भारतीय दंड संहिता १ जुलै २०२४ पासून गेली आणि तिच्या जागी भारतीय न्याय संहिता, २०२३ आली. त्या दिवसापूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी संहिताच लागू राहते. नव्या संहितेतील १८९ पासून १९७ पर्यंतची कलमे सार्वजनिक शांततेविरुद्धच्या गुन्ह्यांची आहेत. आकडे बदलले, परंतु गाभा बहुतांशी जुनाच आहे.

पोलिसांच्या कागदांत 'गैरकायद्याची मंडळी जमवून' हे शब्द आपण पाहिले असतील. त्यांचा अर्थ काय? पाच किंवा अधिक माणसे एकत्र आली एवढ्याने मंडळी गैरकायद्याची होत नाही. तसे असते तर ही आपली सभाही गैरकायद्याची ठरली असती! आपल्या संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिलेला आहे. मंडळी गैरकायद्याची ठरते ती तिच्या समान उद्देशामुळे. कोणते उद्देश गैरकायद्याचे, हे कलम १८९ मध्ये मोजून सांगितले आहे. त्यांतील दोन मी आपणांस समजावून देतो, कारण ते आपल्या जीवनाशी जडलेले आहेत.

पहिला असा: बळाने किंवा बळाचा धाक दाखवून एखाद्याला त्याच्या वहिवाटीच्या रस्त्यापासून किंवा पाण्याच्या वापरापासून वंचित करणे. दुसरा असा: बळाने किंवा बळाचा धाक दाखवून एखाद्याला, जे करण्यास तो कायद्याने बांधलेला नाही ते करावयास लावणे, किंवा जे करण्याचा त्याला हक्क आहे ते करू न देणे.

बंधूंनो, ह्या दोन ओळी घरी जाऊन पुन्हा वाचा. पाच माणसे काठ्या घेऊन पाणवठ्यावर उभी राहिली आणि आपल्या बहिणीला घागर भरू दिली नाही, तर गैरकायद्याची मंडळी कोणती? ती पाच माणसे. 'यंदाच्या जत्रेला हलगी तुम्हीच वाजविली पाहिजे', असे म्हणत दहा जण दारावर चाल करून आले, तर शांतता कोणी मोडली? त्या दहा जणांनी. हलगी वाजविण्यास नकार देणाऱ्याने काहीही मोडलेले नाही. त्याने आपल्या अंगावरचे एक जुने जोखड तेवढे उतरविले आहे. आणि हा नियम आजचा नाही. तो १८६० पासून पुस्तकात होता. केवळ आपल्यापैकी कोणाला ते पुस्तक उघडू दिले जात नव्हते.

येथे कोणी विचारील, 'वकीलसाहेब, आमच्या मिरवणुकीमुळे ते चिडतात आणि दगड मारतात. मग आमची मिरवणूकच शांतताभंगाचे कारण ठरत नाही काय?' हा प्रश्न इंग्लंडातही १८८२ साली उपस्थित झाला होता. वेस्टन-सुपर-मेअर ह्या गावी मुक्तिफौजेचे लोक धार्मिक मिरवणूक काढीत. त्यांना विरोध करणारी एक टोळी दरवेळी त्यांच्यावर चालून जाई आणि दंगा होई. स्थानिक न्यायाधीशांनी दंगेखोरांना आवरण्याऐवजी मिरवणूक काढणाऱ्यांनाच शांतता राखण्याच्या हमीत बांधले. प्रकरण वरिष्ठ न्यायालयात गेले तेव्हा तो हुकूम रद्द झाला. कायदेशीर कृत्य करणारा मनुष्य, दुसरा कोणी त्यामुळे बेकायदेशीर वागेल हे ठाऊक असले तरी, तेवढ्याने गुन्हेगार ठरत नाही, हे तत्त्व 'बीटी विरुद्ध गिलबँक्स' ह्या निकालाने कायम झाले. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८१ साली 'गुलाम अब्बास' प्रकरणात असे सांगितले आहे की, जमावबंदीचा अधिकार लोकांचे हक्क दडपण्यासाठी नव्हे, तर त्या हक्कांच्या रक्षणासाठी वापरला गेला पाहिजे. ठाण्यात अर्ज घेऊन जाल तेव्हा हे लक्षात ठेवा.

ह्या कायद्याचा सर्वांत मोठा धडा आपणांस महाडने दिला आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यामागून हजारो लोक चवदार तळ्यावर गेले व पाणी प्याले. तळे सार्वजनिक होते. पाणी पिणे हा गुन्हा नव्हता. परत फिरल्यावर गावात आवई उठली की, हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार आहेत. ती धादांत खोटी होती. तथापि तेवढ्यावर जमाव उठला, मंडपात शिरला आणि घरी निघालेल्या, विखुरलेल्या आपल्या माणसांना त्याने बेदम मारले. आपल्याकडे तेव्हा लष्करात नोकरी केलेली माणसे होती. त्यांचे हात शिवशिवत होते. बाबासाहेबांनी एक शब्द उच्चारला असता तर महाडच्या रस्त्यांत रक्ताचा सडा पडला असता. त्यांनी सर्वांना आवरले आणि प्रकरण कायद्याच्या हाती दिले. पुढे दंगेखोरांपैकी काहींना न्यायालयाने शिक्षा केली. त्या दिवशी आपल्या लोकांनी उलट दगड उचलले असते तर इतिहासात काय लिहिले गेले असते? 'महाड येथे दोन जमातींत दंगल' असे लिहिले गेले असते. पाण्याचा हक्क त्या एका वाक्याखाली गाडला गेला असता.

आता कायद्याची दुसरी बाजू ऐका. ती विशेषेकरून तरुणांनी ऐकावी.

गैरकायद्याच्या मंडळीत केवळ सामील असण्यास सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. त्या मंडळीतील कोणीही समान उद्देशासाठी बळाचा वापर केला की तो दंगा झाला; त्यास दोन वर्षांपर्यंत आणि प्राणघातक शस्त्रासह केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परंतु सर्वांत कडक आहे ते कलम १९०. मंडळीतील एकाने समान उद्देश साधण्यासाठी जो गुन्हा केला, किंवा जो घडण्याचा संभव इतरांना ठाऊक होता, त्या गुन्ह्याला त्या वेळी मंडळीत असलेला प्रत्येक जण जबाबदार धरला जातो. वीस जण सूड घ्यावयाचा म्हणून धावले, एकाचा दगड एखाद्याच्या मस्तकी बसला आणि तो मेला, तर उरलेल्या एकोणीस जणांनाही खुनाच्या आरोपाला तोंड द्यावे लागते. 'मी दगड मारला नाही' एवढे उत्तर तेथे पुरत नाही. आपण त्या उद्देशात सामील नव्हतो, हा मुद्दा लढवावा लागतो आणि तो लढविण्यात तारुण्याची वर्षे जातात.

शिवाय, आरंभी कायदेशीर असलेली मंडळीही पुढे गैरकायद्याची होऊ शकते. सकाळी वंदना करून निघालेली मिरवणूक दुपारी कोणाच्या दुकानावर चालून गेली की त्या क्षणी तिचे रूप पालटते. तसेच, शांतता बिघडण्याचा संभव असलेल्या पाच किंवा अधिक माणसांच्या जमावाला पांगण्याचा कायदेशीर हुकूम झाला आणि तो मानला नाही, तर तेवढाही गुन्हा आहे. हुकूम चुकीचा वाटला तर पांगा, वेळ व अधिकाऱ्याचे पद लिहून ठेवा आणि वरिष्ठांकडे व न्यायालयात जा. रस्त्यावर वाद घालून कोणताही हुकूम रद्द होत नाही.

आत्मसंरक्षणाचा अधिकार मात्र प्रत्येकाला आहे. अंगावर काठी आली तर ती अडविण्यासाठी आवश्यक तेवढे बळ वापरणे हा गुन्हा नव्हे. परंतु हल्ला संपल्यावर पाठलाग करणे हे संरक्षण नव्हे, आणि पोलिसांचे साहाय्य मिळण्यास अवधी असेल तेथे हा अधिकार पोहोचत नाही. पहिला फटका अडविणारा हात कायद्याच्या आश्रयाला असतो. दुसऱ्या दिवशी सूड घेणारा हात तो आश्रय सोडून जातो.

माझ्या वकिलीतील एक प्रकरण सांगतो. गावाचे आणि माणसांचे नाव घेत नाही. भीमजयंतीची मिरवणूक होती. रीतसर अर्ज दिलेला होता, मार्ग ठरलेला होता. चौकात मिरवणूक आली आणि एका माडीवरून दगड आले. आपल्या काही तरुणांनी तेच दगड उचलून परत फेकले. अर्धा तास धुमश्चक्री झाली. समोरच्या मंडळींकडे वाहन होते. ती आधी ठाण्यात पोहोचली आणि त्यांची फिर्याद आधी लिहिली गेली. आपले लोक जखमींना घेऊन रुग्णालयात बसले. त्यांची फिर्याद दुसऱ्या दिवशी दुपारी नोंदली गेली. येथवर जे झाले ते अन्यायाचे होते खरे. तथापि प्रकरण सावरता आले असते. परंतु फिर्याद देताना आपल्या चार शहाण्यांनी ठरविले की, आता सगळ्यांचाच हिशेब चुकता करावा. त्रेचाळीस नावे लिहिली गेली. त्यांत एक म्हातारा होता, तो वर्षभर खाटेवरून उठलेला नव्हता. एक जण त्या दिवशी पुण्यात कामावर होता आणि त्याच्या हजेरीचा कागद होता.

उलटतपासणीत ही दोन नावे निघाली आणि आमचा खटला तेथेच कोसळला. माडीवरून खरोखर दगड मारणारे पाच-सात जण त्या खोट्या नावांच्या आड सुटले. दोन्ही खटले नऊ वर्षे चालले आणि दोन्हींत सर्व आरोपी निर्दोष सुटले. समोरच्या फिर्यादीत आपला एक एकोणीस वर्षांचा मुलगा आरोपी होता. त्याची आई दर तारखेला न्यायालयाच्या व्हरांड्यात बसे आणि मला म्हणे, "वकीलसायेब, माझ्या लेकरानं दगड न्हाई उचलला, त्यानं झेंडा धरला व्हता." ते खरे होते. तो सुटलाही. परंतु तोवर पोलीस भरतीचे त्याचे वय निघून गेले होते. त्या माउलीला मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो की, तुझा मुलगा जिंकला?

बंधूंनो, त्या प्रकरणात आपण पंचशीलांतील एका शीलाचा भंग केला आणि त्याची किंमत एका निरपराध मुलाने मोजली. 'मुसावादा वेरमणी' आपण दररोज म्हणतो. ते शील न्यायालयातही लागू आहे. १९६४ साली 'मसलती' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा दंडक सांगितला की, जेथे आरोपी पुष्कळ आणि पीडितही पुष्कळ असतात, तेथे एखाद्या आरोपीबद्दल दोन-तीन किंवा अधिक साक्षीदारांनी सुसंगत हकीकत सांगितली असेल तरच शिक्षा करणे सुरक्षित ठरते. म्हणून ज्याने जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच त्याने सांगावे. सात जण होते तर सात लिहा. नाव ठाऊक नसेल तर वर्णन लिहा. आणि मद्याविषयीचे शील विसरू नका. मिरवणुकीत एक जण पिऊन आला तर त्याची एक शिवी शंभर जणांवर गुन्हा नोंदविण्यास पुरते. जयंतीच्या मिरवणुकीतून त्याला बाजूला काढण्याचे काम पोलिसांच्या आधी आपल्या स्वयंसेवकांनी केले पाहिजे.

आता पुतळ्यांची गोष्ट. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पहाटे बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक संतापून रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जणांनी प्राण गमावले. चौकशी आयोगाने पुढे तो गोळीबार असमर्थनीय ठरविला. परंतु गेलेली माणसे परत आली नाहीत. विटंबना करणारा रात्री येतो आणि अंधारात नाहीसा होतो. दंगा व्हावा, आपली मुले तुरुंगात जावीत, हाच पुष्कळदा त्याचा डाव असतो. दंगा व्हावा म्हणून मुद्दाम चिथावणी देणे हा कलम १९२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. उपासनेची जागा किंवा पवित्र वस्तू भ्रष्ट करणे हा कलम २९८ खाली, आणि धार्मिक सभेत अडथळा आणणे हा कलम ३०० खाली गुन्हा आहे. अनुसूचित जातींना आदरणीय असलेल्या पुतळ्याची किंवा तसबिरीची विटंबना हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही गुन्हा आहे.

अशा सकाळी पहिल्या तासात काय करावे? आपल्या मनाला प्रथम वाटते की पुतळा तत्काळ धुवावा. तसे करू नका. ते दृश्य डोळ्यांना असह्य होते, हे मी जाणतो. परंतु तो चिखल, तो हार, त्या पाऊलखुणा हाच पुरावा आहे. मोबाईलवर छायाचित्रे घ्या, भोवती दोरी बांधा, चार जबाबदार माणसे उभी करा आणि पोलिसांना बोलवा. पंचनामा होऊ द्या. मग भंते किंवा वडीलधारी उपासक ह्यांच्या हस्ते पुतळा स्वच्छ करा आणि सर्वांनी मिळून वंदना घ्या. आणि त्या वेळी मोबाईलवर आलेला कोणताही चिथावणीचा निरोप पुढे पाठवू नका. धर्म, जात इत्यादी कारणांवरून गटागटांत वैर पसरविणे हा कलम १९६ खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा आणि बिनजामिनी गुन्हा आहे. महाडला आवई तोंडातोंडी पसरण्यास काही वेळ तरी लागला असेल. आज ती क्षणात तालुकाभर जाते.

पुष्कळ नवदीक्षित मला विचारतात, 'आम्ही बौद्ध झालो. आता आम्हांला अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण उरले काय?' उरले आहे. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली आणि अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना त्या यादीचे लाभ मिळाले. म्हणून कोणी ठाणे अंमलदार 'तुम्ही तर आता बौद्ध, हा कायदा तुम्हांला नाही' असे म्हणाला, तर नम्रपणे आणि ठामपणे त्याला १९९० चे स्मरण द्या. मात्र त्यासाठी जातीचे प्रमाणपत्र व जुनी शालेय नोंद जपून ठेवा. आपण जात मनातून टाकली. तिचा कागद मात्र संदुकीत असू द्या. ज्यांनी ती टाकलेली नाही त्यांच्यापासून संरक्षण मिळण्यास तो लागतो.

१९८९ च्या ह्या कायद्याने, आणि विशेषतः २०१५ च्या दुरुस्तीने, आपल्या रोजच्या जीवनातील पुष्कळ गोष्टी गुन्ह्यांच्या यादीत आणल्या आहेत. पाणवठा, रस्ता किंवा स्मशानभूमी वापरू न देणे, लग्नाची वरात किंवा धार्मिक-सामाजिक मिरवणूक अडविणे, मेलेली जनावरे ओढावयास लावणे, सामाजिक वा आर्थिक बहिष्कार टाकणे, असे करणारा अनुसूचित जाती-जमातींपैकी नसेल, तर हे सर्व गुन्हे आहेत. दुकानदार मीठ-तेल देत नाही, गिरणीवाला दळण दळीत नाही, शेतावर कोणी कामाला बोलवीत नाही, अशा बहिष्कारात दगड उडत नाही, रक्त सांडत नाही, आणि म्हणून पोलीस म्हणतात की गावात शांतता आहे. सिद्धार्थाच्या कुटुंबाला जी धमकी दिली गेली तीच ही. आज ती देणारा आरोपी होऊ शकतो, हे ध्यानात ठेवा.

फिर्यादीविषयी थोडक्यात सांगतो. दखलपात्र गुन्ह्याची खबर दिल्यावर ती नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली 'ललिता कुमारी' प्रकरणात स्पष्ट केले. हद्द दुसऱ्या ठाण्याची आहे म्हणून परत पाठविता येत नाही. फिर्याद आपणांस वाचून दाखविली गेली पाहिजे आणि तिची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे. अत्याचाराच्या गुन्ह्यात नोंदीपूर्वी प्राथमिक चौकशीची आवश्यकता नाही, हे २०१८ च्या दुरुस्तीने सांगितले आहे. नोंद नाकारली तर तीच हकीकत लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. तेथेही दाद न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कोणीही देऊ नये. जखमा असतील तर सरकारी रुग्णालयात नोंद करा. परंतु सर्वच जण रुग्णालयात बसू नका, दोघांनी तत्काळ ठाणे गाठावे. उलट फिर्याद झाली असेल तर घाबरू नका. दोन्ही खटले एकाच न्यायाधीशापुढे चालावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली सांगितले आहे. आपल्या वकिलाकडून तसा अर्ज करवून घ्या. वकिलास देण्यास पैसे नसतील, तर अनुसूचित जातींच्या प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. स्त्रियांनाही तो तसाच मिळतो.

तंट्यानंतर दोन्ही पक्षांवर 'चॅप्टर केस' होते, म्हणजे शांतता राखण्याचे हमीपत्र मागितले जाते. ती शिक्षा नव्हे आणि गुन्ह्याची कबुलीही नव्हे. नोटीस आल्यावर वकिलासह हजर राहा आणि आपली बाजू लेखी मांडा. 'शांतता समिती'च्या बैठकीतही जा. तेथे 'झाले गेले विसरा' असे सुचविले जाईल. समेटाला माझा विरोध नाही. परंतु पाणवठा मोकळा झाला काय, बहिष्कार उठला काय, हे आधी विचारा. ह्या प्रश्नांची उत्तरे न देता जो समेट होतो, तो केवळ पुढच्या तंट्याची तारीख ठरवितो.

शेवटी पुन्हा महाडलाच जाऊ. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब दुसऱ्यांदा महाडला आले तेव्हा चवदार तळ्याविषयी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आलेला होता. हजारो माणसे सत्याग्रहासाठी जमली होती आणि तळे काही पावलांवर होते. तो हुकूम मोडावा असे कितीतरी जणांना वाटत होते. विचारविनिमय होऊन सत्याग्रह तहकूब झाला. लोकांनी शिस्तीने मिरवणूक काढली आणि घराची वाट धरली. मग दावा लढला गेला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. तळ्यावर केवळ सवर्णांचाच हक्क आहे, ही रूढी प्रतिपक्षाला सिद्ध करता आली नाही. ह्या दोन तारखांमध्ये नऊ वर्षांहून अधिक काळ गेला. त्या काळात तळ्यावरचा आपला हक्क कोणी सोडला नाही आणि तो मागताना कोणावर हातही उगारला नाही.

मी ज्या मुलाची हकीकत सांगितली त्याचीही नऊ वर्षे गेली. महाडच्या वर्षांतून एक हक्क निघाला. त्या मुलाच्या वर्षांतून काहीच निघाले नाही. हा भेद कशामुळे पडला, ह्याचा विचार आपण आज घरी जाताना करावा. उद्या आपल्या गावात कोणी विचारील की शांतता कोणी मोडली, तेव्हा त्याचे उत्तर आपल्या फिर्यादीत, आपल्या साक्षीत आणि आपल्या वर्तनात एकसारखेच सापडले पाहिजे.

जयभीम.